मेक्सिको सिटीतला एक शुक्रवार: आधी पुल्के, मग कुस्ती, मेस्काल सगळ्यात शेवटी

ह्युस्टनला आल्यापासून तीनदा मेक्सिको सिटीला जाऊन आले, आणि दर वेळी परत आले की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, ते मुखवटेवाल्या पैलवानांचं बघायचं तर कसं जायचं गं, सेफ आहे का, आणि आम्ही व्हेज आहोत तर उपाशी मरू का. व्हॉइस नोट पाठवून पाठवून कंटाळा आला म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

कार्यक्रम संध्याकाळी पाचपासून रात्री एक-दीडपर्यंतचा. आणि यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आम्ही पहिल्या वेळी क्रम उलटा केला, म्हणजे दुपारी हॉटेलात बॅगा टाकल्या आणि रिकाम्या पोटी मेस्काल, म्हणजे तिथली कडक दारू, प्यायला बसलो, दोन-दोन झाले, मग लूचा, म्हणजे ती मुखवट्यांची कुस्ती, बघायला गेलो. आता हे शहर आहे समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्याही सहाशे मीटर वर, आणि तिथे पोचल्या दिवशी दारू बेताने घ्यावी हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. समोर एक माणूस दोरांवरून सूर मारून दुसऱ्याच्या छातीवर आदळला, अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडायला लागलं आणि आमचे हे खुर्चीत गाढ झोपलेले, घोरणं मलाच ऐकू येत होतं. तिकिटाचे पैसे पाण्यात. म्हणून क्रम.

जायच्या आधी

व्हिसाचं आधी सांगते कारण तेच सगळे विचारतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, कॅनडा, जपान, यूके, शेंगेनचा असला तरी चालतो. पण अमेरिकेतल्या लोकांनो, पासपोर्टवरचं स्टॅम्पिंग संपलेलं असेल आणि नुसतं आय-७९७, म्हणजे मंजुरीचा कागद, हातात असेल तर तो व्हिसा नव्हे, विमानतळावर जाऊन वाद घालू नका.

दुसरं, वार. मुख्य जागा म्हणजे आरेना मेहिको, कॉलनीचं नाव डॉक्टोरेस, आणि खरंच तिथल्या गल्ल्यांना डॉक्टरांची नावं आहेत, आरेना आहे डॉक्टर लाविस्ता रस्त्यावर. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी शो असतात. शुक्रवार रात्रीचा सगळ्यात मोठा, साधारण साडेआठला सुरू होतो. रविवारी संध्याकाळी लवकर असतो, तेव्हा आजी-आजोबा, पोरंटोरं सगळं खटलं येतं, सोबत लहान मुलं असतील तर सरळ रविवार घ्या आणि या लेखातला दारूचा भाग सोडून द्या. शनिवारी जुन्या आरेना कोलिसेओत असतं, ते १९४३चं आहे, लहान आहे, आत बसलं की नरसाळ्यात बसल्यासारखं वाटतं आणि लोक त्याला म्हणतातही तसंच. पण नवख्यांनी आधी आरेना मेहिकोच करावं असं माझं मत.

तिकीट ऑनलाइन टिकेटमास्टर मेहिकोवर मिळतं किंवा आरेनाच्या खिडकीवर. खिडकीवर घेतलंत तर सर्व्हिस चार्ज वाचतो, शिवाय एखादी मोठी मॅच नसेल तर आयत्या वेळीही मिळून जातं, कारण सोळा-साडेसोळा हजारांची जागा आहे ती. सप्टेंबरमध्ये मात्र कुस्ती कंपनीच्या वर्धापनदिनाचा शो असतो, त्याचं आधीच घेऊन ठेवा. बाहेर ब्लॅकवाले कोपर घासत येतात, इंग्रजीत "माय फ्रेंड" करतात, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. अगदी पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका असंही सांगेन. पाचवी-सहावी रांग बेस्ट, सगळं दिसतं आणि कोणी तुमच्या मांडीत येऊन पडत नाही. पहिल्या रांगेत पडतात, खरंच पडतात.

आणि तिथे पेसोलाही डॉलरचीच खूण वापरतात. मेनूवर १२० च्या आधी ती खूण बघून आमच्या ग्रुपमधल्या एकाने सूपच कॅन्सल केलं होतं.

थोडं समजून घ्या, मग मजा येते

मी कोल्हापूरची. आमच्या घरी कुस्ती म्हणजे आजोबा आणि काका, खासबागेत मैदान असलं की दुपारीच जेवून निघायचे, आणि आम्ही मुली घरी. हलगी लांबून ऐकू यायची तेवढीच. त्यामुळे मी आयुष्यात रिंगच्या इतक्या जवळ बसून पहिली कुस्ती पाहिली ती मेक्सिकोत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

तर लूचा लिब्रे म्हणजे शब्दशः मोकळी कुस्ती. साल्वादोर लुतेरोथ नावाच्या माणसाने २१ सप्टेंबर १९३३ ला कंपनी काढली, तीच आज सीएमएलएल म्हणून चालते, आणि जगातली अजून चालू असलेली सगळ्यात जुनी कुस्ती कंपनी तीच. आरेना मेहिको १९५६ला बांधलं, ६८च्या ऑलिम्पिकचं बॉक्सिंग तिथेच झालं. ट्रिपल ए ही दुसरी मोठी कंपनी, १९९२ची, तिचे शो गावोगाव फिरतात, तुमच्या तारखांना शहरात असेल तर नशीब.

पैलवान दोन जातीचे. तेक्निको म्हणजे नियमाने खेळणारे, हवेत कोलांट्या मारणारे, पोरांचे लाडके. रूदो म्हणजे रांगडे, मागून मारणारे, रेफरीची पाठ वळली की डोळ्यात बोटं घालणारे. त्याशिवाय एक्झोतिको असतात, पिसं-चमचम घालून बायकी तोऱ्यात येणारे, समोरच्याचा मुका घेऊन त्याला गोंधळवणारे, आणि त्यांना हलक्यात घेऊ नका, कासान्द्रोसारख्या उघडपणे गे असलेल्या पैलवानाने याच वेषात जागतिक टायटल मिळवलं होतं.

बऱ्याच मॅच तीन विरुद्ध तीन असतात. तीनपैकी दोन फॉल, म्हणजे फेऱ्या, जिंकायचे, प्रत्येक बाजूला एक कॅप्टन, तो पडला की फॉल गेला, नाहीतर उरलेल्या दोघांना पाडायचं. टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीत पार्टनरच्या हाताला हात लावून मगच आत येतात ना, इथे तसं नाही, एक रिंगबाहेर पडला की दुसरा आपोआप आत येऊ शकतो, त्यामुळे स्पीड भयंकर असतो आणि पहिली दहा मिनिटं काय चाललंय ते कळतच नाही. नाही कळलं तरी ओरडा.

मुखवट्याचं सांगायलाच हवं. १९३४ला एका परदेशी पैलवानाने अन्तोनियो मार्तीनेस नावाच्या चांभाराकडून चामड्याचा मुखवटा शिवून घेतला तिथून हे सुरू झालं म्हणतात, चपला-बूट शिवणाऱ्याकडून, आम्हा कोल्हापूरकरांना ते ऐकून बरं वाटलं. पुढे मुखवटा हाच पैलवानाचा चेहरा झाला. समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर डिसक्वालिफाय. आणि सगळ्यात मोठी मॅच म्हणजे पैजेची, मुखवटा विरुद्ध मुखवटा किंवा मुखवटा विरुद्ध केस. हरणाऱ्याने रिंगमध्येच मुखवटा उतरवायचा आणि खरं नाव सांगायचं, केसवाला हरला तर तिथेच मशीन फिरते. एल सान्तो हा यांचा सगळ्यात मोठा, चंदेरी मुखवट्याचा, १९४२ला तो वेष घेतला, पुढे सिनेमेही पन्नासच्या वर केले, आणि चेहरा कोणाला माहीत नाही. १९८४च्या जानेवारीत टीव्हीवर एकदा त्याने मुखवटा थोडासा वर केला, आणि थोड्याच दिवसांत गेला. पुरलासुद्धा मुखवट्यासकट.

आणि हो, "पण हे खोटंच असतं ना" हा प्रश्न आरेनाच्या दारात ठेवून या. निकाल ठरलेला असतो. पडणं खरं असतं. लावणीला जाऊन तिला खरंच राग आलाय का विचारतो का आपण?

पाच वाजता: पुल्के

सुरुवात पुल्केने करायची, दोन कारणं. एक तर जुन्या पुल्केरिया लवकर बंद होतात, रात्री दहाला गेलात तर शटर. दुसरं म्हणजे पुल्के बियरइतकंच सौम्य असतं, चार-सहा टक्के, संध्याकाळ लांब आहे, ते पचतं.

हे म्हणजे काय, तर ताडीचा मेक्सिकन भाऊ. आपण झाडावरून नीरा काढतो आणि ती आंबली की ताडी, तसंच मागेय नावाच्या मोठ्या अगावेच्या पोटात खड्डा करतात, त्यात गोड रस साठतो, त्याला म्हणतात आग्वामिएल, मध-पाणी, तो काढायचा आणि आंबवायचा. अगावे म्हणजे कोण ते आपल्याला माहीत आहे, आपलं घायपात, बांधावरचं केकताड, ज्याचे दोर वळतात, त्याच खानदानातलं. ते मुळात तिकडूनच आपल्याकडे आलेलं आहे. तिथले लोक त्याच्या रसावर हजार-दोन हजार वर्षं जगलेत, मायाहुएल नावाची त्याची देवीच आहे आणि तिच्या पोरांमध्ये चारशे ससे, सगळे दारूचे देव. चारशे प्रकारची नशा, असा हिशोब.

मी पाठवते ते लास दुएलिस्तासला, सान हुआन मार्केटजवळ, आरान्दा गल्लीत. १९१२ची जागा आहे, आपलं खासबाग मैदान तयार झालं तेच साल, मला हे कळल्यावर उगाचच जिव्हाळा वाटला. भिंती, छत सगळं अॅझटेक चित्रांनी भडक रंगवलेलं, ज्यूकबॉक्सवर रॉक चालू, आणि एका टेबलावर सत्तरीचे काका आणि नाकात रिंग घातलेली कॉलेजची पोरं एकत्र. साधं पुल्के म्हणजे ब्लांको, पांढरं, आंबूस, आणि चिकट. हा चिकटपणा आधीच सांगून ठेवते, भेंडीच्या पाण्यासारखी तार सुटते, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. म्हणून नवख्यांनी कुरादो घ्यायचं, म्हणजे फळं वगैरे घालून केलेलं, पेरूचं, आंब्याचं, ओट्सचं, सेलरीचंही असतं. रोजचे प्रकार बदलतात. आधी थोडं चाखायला मागा, "प्रुएबा" म्हणा, छोट्या ग्लासात देतात. मला ओट्सचं आवडतं, वरून दालचिनी असते, खिरीला थोडं आंबवलंय असं लागतं, आणि हे वाचून वाईट वाटत असेल तर पेरूचं घ्या.

एक-दोन ग्लास, बास. लीटरचा मग बघून हुरळून जाऊ नका, पोटात ते आंबतच राहतं आणि पुढे तीन तास खुर्चीत बसायचंय. आणि कोणी तुम्हाला सांगेल की पुल्केत शेणाची पुरचुंडी टाकून आंबवतात, ती गोष्ट फार जुनी आहे, बियरवाल्यांनी पसरवली असं पुल्केवाले सांगतात. रसाला आंबायला कोणाची मदत लागत नाही, ताडी उन्हात ठेवलेली बघितलीय की आपण.

मग खाणं, आरेनात शिरायच्या आधी

नॉनव्हेजवाल्यांना काही सांगायला नको, ताकोस आल पास्तोर खा, सळईवर पोर्कचा उभा गठ्ठा फिरत असतो, वरून अननस. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शवरम्यावरून हे निघालं.

व्हेजवाल्यांनी तव्यावर बसलेल्या बाईकडे जायचं. त्लाकोयो मागा, निळ्या मक्याची जाड लांबट भाकरी, आत वाटलेली घेवड्याची किंवा हरभऱ्यासारखी डाळ, वर चिरलेला नोपाल, म्हणजे आपला फड्या निवडुंग हो, काटे काढून भाजी केलेला, किंचित आंबट. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. केसादिया मागितलीत तर "कोन केसो" म्हणा, कारण या एकाच शहरात केसादियात चीज गृहीत नसतं, यावरून बाकी अख्खा देश यांना हसतो. भोपळ्याच्या फुलाची, मशरूमची, किंवा मक्याच्या कणसावर येणाऱ्या काळ्या बुरशीची, ती वित्लाकोचे, ती नक्की खा. नुसतं "सिन कार्ने" म्हटलंत तर मांस नाही म्हणून हॅम घालून देतील, चिकनही घालतील, त्यामुळे एकेकाचं नाव घेऊन नाही म्हणायचं. बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, "सिन मान्तेका" विचारा. कडक असाल तर मक्याचे दाणे, एस्कीतेस, मेयोनेज आणि चीज सोडून घ्या, लिंबू-तिखट मारून, पोटभर होतं.

आठ वाजता: आरेना

साल्तो देल आग्वा स्टेशनवरून मेट्रोने दोन स्टेशन, क्वाउतेमोकला उतरायचं, तिकीट पाच पेसो. संध्याकाळी गर्दी असते, फोन पुढच्या खिशात, मुंबई लोकलचा अनुभव असेल तर तेवढाच पुरतो. बायकांसाठी पुढचे डबे राखीव असतात. जाताना मेट्रो ठीक, येताना मात्र अॅपवरची गाडीच, डॉक्टोरेसमध्ये रात्री रिकाम्या गल्ल्यांतून चालत फिरायचं नाही, हातात कॅमेरा घेऊन तर नाहीच.

आरेनाच्या बाहेर जत्रा असते. मुखवट्यांचे स्टॉल, जत्रेतल्या गणपतीच्या मुखवट्यांपेक्षा दहापट रंग, मिस्तिको, ब्लू डेमन, एल सान्तो सगळे लटकलेले. स्वस्तातले असतात ते पोरांसाठी, घाम आला की रंग गालाला लागतो. चांगला हवा असेल तर नाडी बघा, मागे बुटासारख्या भोकांतून घट्ट आवळता येते का आणि डोळ्यांच्या जाळीची शिलाई कशी आहे. मी शो सुरू व्हायच्या आधीच घेते कारण नंतर सगळे घेतात आणि भाव उतरत नाही.

आत झडती होते. मोठा कॅमेरा नेऊ देत नाहीत, फोन चालतो. दारातून एक माणूस तिकीट हातातून घेतो आणि तुम्हाला खुर्चीपर्यंत नेतो, खुर्ची फडक्याने पुसतो, आणि उभा राहतो. तो टिपसाठी उभा असतो. सुट्टे द्या, दहा-वीस पेसो, आम्ही पहिल्यांदा "ग्रासियास ग्रासियास" करत बसलो होतो.

बियरवाला खुर्चीपाशीच येतो, बाटल्या उघडून मोठ्या कागदी ग्लासात ओततो. मिचेलादा म्हटलं तर लिंबू, मीठ, तिखट सॉस घालून, कडा तिखटात बुडवलेली. एक घ्या, हळूहळू. खायला चिचार्रोन दे हारिना, हे बघून तुम्हाला हसू येईल, आपल्या जत्रेतल्या तळलेल्या नळ्या-चाकं असतात ना अगदी तेच गव्हाचं, वर लिंबू आणि लाल सॉस. हे व्हेज. नुसतं चिचार्रोन म्हटलं तर डुकराची कातडी, शेजारी तेही विकतात, नीट बघून घ्या.

मग दिवे जातात, धूर, गाणं, पैलवान एकेक रॅम्पवरून येतात आणि निवेदक ओरडतो, तीनपैकी दोन फॉल, वेळेची मर्यादा नाही. पहिल्या एक-दोन मॅच नवशिक्यांच्या, त्यात डोळे सरावतात. बाजू मात्र पहिल्याच मॅचला निवडा. माझं ऐकाल तर रूदो निवडा, कारण तेक्निकोंच्या बाजूने पोरं ओरडतात आणि रूदोंच्या बाजूने आज्ज्या. खरं सांगते. माझ्या मागे एक बाई होत्या, पंचाहत्तरीच्या तरी, अंगावर शाल, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली, अगदी देवळात बसल्यासारख्या. आणि तोंडातून जे निघत होतं ते मी इथे लिहू शकत नाही, स्पॅनिश न येताही कळत होतं. तेक्निको पडला की त्या उठायच्या, पर्स काखेत, बोट रोखून त्याच्या आईपर्यंत पोचायच्या, आणि परत बसून मला आपल्या पिशवीतल्या नळ्या द्यायच्या. "कोमे, इहा," खा बाळा. मध्यांतरापर्यंत मी पण रूदो.

ऐकायला कान द्या एका गोष्टीला, छातीवरची चापट. सगळं स्टेडियम गप्प करतात, पैलवान तोंडावर बोट ठेवतो, हात मागे नेतो, आणि थाप्प. ओल्या कपड्याने धुण्याचा दगड आपटावा तसा आवाज वरपर्यंत जातो आणि त्या माणसाच्या छातीवर पाच बोटं उठलेली पाचव्या रांगेतून दिसतात. खोटं म्हणणाऱ्याने ती बघावीत.

बायकांची मॅच असली तर त्या वेळी बियर आणायला जाऊ नका. या शहरात १९५०च्या दशकापासून १९८६पर्यंत बायकांच्या लूचावर बंदी होती, आणि कान्तिनामध्येही, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यांत, बायकांना साधारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत प्रवेश नव्हता, म्हणजे मी या लेखात सांगते आहे ती संध्याकाळ माझ्या आईला तिच्या तरुणपणी अशीच्या अशी करता आली नसती. मला रिंगमध्ये दोघी एकमेकींना दोरावरून भिरकावताना बघून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही, घरी बसून ऐकलेली हलगी आठवली एवढं मात्र खरं.

शेवटची मॅच रंगली तर लोक रिंगमध्ये पैसे फेकतात. नाणी, नोटा. पैलवान रक्त-घामाने भरलेले गुडघ्यावर बसून ते गोळा करतात, आणि मला तेव्हा एकदम आमचे काका आठवले, जिंकलेला पैलवान मैदानात फिरायचा आणि काका पाच रुपये त्याच्या हातावर ठेवून घरी आठवडाभर सांगायचे. तुम्हीही फेका, पण नोट, नाणं नको, लागतं.

बाहेर पडताना एखादा पैलवान मुखवट्यात दिसला तर विचारून फोटो काढा, मुखवट्याला हात लावायचा नाही, गमतीतही नाही.

साडेअकराला: मेस्काल, आता

आरेनाच्या मागून गाड्या मिळायला वेळ लागतो, गर्दीबरोबर आव्हेनिदा क्वाउतेमोकपर्यंत चला, तो ओलांडला की रोमा नोर्ते, उजेड, कॅफे, बार, तिथून गाडी बोलवा किंवा तिथेच बसा.

टकीला आणि मेस्कालचा फरक सगळ्यांना हवा असतो तर थोडक्यात. टकीला फक्त निळ्या अगावेची, हालिस्को राज्य आणि आजूबाजूचे ठरलेले भाग, बाटलीवर "१०० टक्के अगावे" लिहिलंय का बघा, नसेल तर त्यात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर असू शकते आणि सकाळी डोकं दुखतं ते तिचं असं म्हणतात. मेस्काल बऱ्याच जातींच्या अगावेची, जास्त करून ओआहाकाची. पानं छाटून उरलेला गड्डा, अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पिन्याच म्हणतात, तो जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर काही दिवस भाजतात, म्हणून धुराचा वास. पोपटीच्या मडक्याचं झाकण उघडल्यावर येतो ना, त्याच्या जवळपासचा. एस्पादीन सगळ्यात कॉमन, त्यापासून सुरुवात करा. तोबाला, तेपेस्ताते हे जंगली, तेपेस्तातेला तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागू शकतात, म्हणजे ग्लासात जे आहे ते तुमच्या इंजिनिअरिंगच्या वेळी उगवलेलं. आपल्या गोव्याच्या फेणीबद्दल प्रेम असलेल्यांना मेस्काल लगेच कळतं, तसंच गावठी डोकं आणि वासाला न लाजणारं.

बोस्फोरो म्हणून एक जागा आहे सेंत्रोमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, लुईस मोया रस्त्यावर, अंधारी, पाटी शोधावी लागते, मला तीच आवडते. फॅशनेबल हवं असेल तर हँडशेक आहे, २०२४ला जगातला एक नंबर बार ठरला होता, पण त्याला आधी बुकिंग लागतं आणि लूचाच्या घामट टीशर्टमध्ये तिथे जायची मला तरी इच्छा होत नाही.

शॉट मारायचा नाही. मीठ चाटून, लिंबू चोखून, डोळे मिटून गटकन, हे टूरिस्टांचं. ते म्हणतात "आ बेसोस", मुके घेतल्यासारखं प्यायचं, एक ग्लास अर्धा तास. सोबत संत्र्याच्या फोडी आणि लालसर मीठ येतं. आता इथे थांबा. माझी मैत्रीण पक्की शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात नाही, तिने चार फोडी त्या मिठात बुडवून खाल्ल्या, वर म्हणाली, अगं पेरूला लावतात तसं तिखटमीठ आहे, मस्त आहे, पॅक करून मिळेल का विचार ना. मी विचारलं. वेटरने आनंदाने सांगितलं, साल दे गुसानो, अगावेवरच्या अळ्या भाजून, मिरची-मिठाबरोबर कुटतात. तिला मी दोन दिवसांनी विमानात सांगितलं. अजून पूर्ण बोलत नाही ती माझ्याशी. व्हेज असाल तर "सिन साल" म्हणून ठेवा.

बिल कोणी आणून देत नाही, मागितल्याशिवाय बिल ठेवणं म्हणजे उठा म्हटल्यासारखं, "ला क्वेन्ता, पोर फावोर" म्हणा. टिप दहा-पंधरा टक्के.

अजून जोर असेल तर

गारिबाल्दी चौक, मारियाचीवाल्यांचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या ताफ्यांचा. काहीजण म्हणतात फार टूरिस्टी झालंय, झालंय, पण रात्री बाराला चार-पाच मारियाची पार्ट्या एकाच वेळी चार वेगळी गाणी वाजवतात तो कलकलाट एकदा कानात जायला हवा. गाडीने दारात उतरा, सरळ सालोन तेनाम्पामध्ये जा, १९२५पासून आहे, आणि तिथूनच गाडी बोलवून निघा, आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरू नका. गाणं सांगायच्या आधी भाव ठरवा, एका गाण्याचे किती, सगळे मिळून किती, बोटांवर मोजून. आणि एक माणूस लाकडी पेटी घेऊन फिरत असेल, दोन धातूच्या नळ्या लटकलेल्या, त्या एकमेकींवर वाजवत. तो तोकेसवाला. पैसे देऊन शॉक घ्यायचा, खरा विजेचा शॉक, सगळ्यांनी हात धरून गोल करायचा आणि तो बटण फिरवत जातो, जो हात सोडेल तो हरला. आमच्या घरचे दुसऱ्या ट्रिपला यात जागे झाले एकदम. हार्ट-बिर्टचं काही असेल तर अर्थातच नको.

दारू न पिणाऱ्यांनी किंवा प्यायचं बंद केलेल्यांनी सरळ चुर्रेरिया एल मोरो, १९३५ची, एहे सेंत्रालवर, रात्री उशिरापर्यंत असते. गरम चुर्रो आणि घट्ट चॉकलेट, अंड-बिंड काय ते विचारून घ्या. आम्ही शेवट तिथेच करतो. मागच्या वेळी शेजारच्या टेबलावर एक पाच-सहा वर्षांचा मुलगा होता, निळा मुखवटा, नाडी मागे नीट आवळलेली, आणि तोंडाच्या भोकातून चुर्रो आत जाईना. आई म्हणत असावी काढ आता, आणि तो मान हलवत होता. शेवटी तिने चुर्रोचे बारीक तुकडे केले, एकेक तुकडा चॉकलेटमध्ये बुडवून त्या भोकातून आत सरकवत बसली, रात्रीचा एक वाजलेला.